रत्नप्रभेची पिसं

मालाड,
२४ नोव्हेंबर १९५७

प्रिय नंदू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील, तर पुढे वाच. आठ महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही दिल्लीहून साधं पोस्टकार्ड टाकलं नाहीस. मध्यंतरी मला असाही संशय आला की तू लिहितोस आणि आमचा पोस्टमनच ती पत्रं कुठेतरी टाकून देतो. एकदा त्याला दारात उभं करून मी पिशवी पालथी करायला लावली. तुझं काही निघालं नाही. तो बिचारा आता आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही. माझा स्वभाव तुला नव्याने सांगायला नको.

आधी बातमी सांगते. रत्नप्रभा बरी आहे. भाऊंनी घारीला आपल्याच बहिणीचं, माझ्या आत्याचं नाव दिलं तेव्हा तू पोट धरून हसला होतास. ती अजून तशीच मान तिरकी करून आपल्याकडे तुच्छतेने बघते, बोंबील शिळा असेल तर पायाने बाजूला सारते. अगदी आत्यासारखी. पावसाळ्यात तिची जुनी पिसं एकेक करून गळाली आणि नवी आली. आता डावा पंख उघडला की कुठे खंड दिसत नाही, तांबूस रंग उन्हात नुसता चमकतो. गेल्या रविवारी पायाला दोरी बांधून सोडली, तर खाडीवर चांगल्या तीन घिरट्या मारून आली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे आली तेव्हा मांजाने तिचा पंख हाडापर्यंत कापला होता. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेल्या भाऊंनी टाके घातले तेव्हा तू तिचं डोकं टॉवेलात धरलं होतंस आणि मी भलतीकडे बघत होते. पोईसर नदी खाडीला मिळते तिथली मिठागराची पडकी खोपटी आपण जाळी लावून तिच्यासाठी नीट केली. तू तिवरांच्या झाडीत कमरेएवढ्या चिखलात उभा राहायचास, तो चावीचा कॅमेरा छातीशी धरून. एक चावी दिली की जेमतेम अर्धं मिनिट चालायचा, आणि नेमकी चावी संपली की बाईसाहेब पंख पसरायच्या. आई गेल्यापासून भाऊंना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दोघांचा चहा मी तिथेच आणायचे, आणि ते तुला दवाखान्यातल्या गोष्टी सांगत बसायचे.

ठरलं काय होतं, तर पाडव्याला रत्नप्रभेला सोडायचं. तिचं उडून जाणं हे तुझ्या फिल्मचं शेवटचं दृश्य. ते झालं की फिल्म घेऊन तू दिल्लीला नोकरीवर जाणार, वैशाखात आपलं लग्न, आणि मग मीही दिल्लीला. सगळं त्या एका घारीच्या उडण्यावर येऊन थांबलं होतं. पाडव्याच्या सकाळी भाऊंनी जाळी उघडली. ती बांधावरून झेपावली, एका अंगावर कलली आणि सरळ चिखलात पडली. मी साडीसकट आत उतरून तिला उचललं. पंख उघडून बघते तर आतली पाच पिसं कापलेली. कडेची दोन तेवढी शाबूत, म्हणजे पंख मिटला की कोणाला काही दिसू नये. चोचीने असं होत नाही. काप सरळ, स्वच्छ होता.

मी आधी मिठागराच्या राखणदारावर, काशीरामवर घसरले. त्याचा कोयता मागून घेतला, धार बघितली. तो म्हणाला, “बाई, मी मिठाची राखण करतंय, घारीची नाय.” कोयता इतका बोथट होता की त्याने दुधी कापला गेला नसता. मग माझी नजर तुझ्याकडे वळली. दोनच रविवारांआधी तू कुरकुरला होतास, “ही बया फार लांब जाते यार, जरा खाली राहिली तर जवळून काय झकास येईल!” शिवाय त्या सकाळी तूच सारखा म्हणत होतास की आज नको, महिनाभर पुढे ढकलू. का, ते सांगत नव्हतास. मी तुझी कॅमेऱ्याची पिशवी उपसली आणि तळाशी पिसाचा कापलेला तुकडा निघाला.

पुढचं मी बोलले ते लिहायला हात होत नाही. काशीराम, कोळणी, सगळ्यांच्या देखत बोलले. चित्रासाठी मुक्या जीवाचे पंख कापणारा उद्या बायकोचं काय करील, असंही म्हटलं. भाऊ जाळीला धरून उभे होते. तू एकदा त्यांच्याकडे पाहिलंस, मग कॅमेऱ्यातलं रीळ काढून डब्यात घातलंस आणि माझ्या हातात दिलंस. म्हणालास, “हे धुऊन घे, मग बोल.” आणि गेलास.

मी ते धुतलं नाही. मला वाटलं, हीसुद्धा तुझी एक चाल असणार. डबा आठ महिने देवघरावरच्या फळीवर पडून राहिला. तू गेल्यावर रत्नप्रभेच्या पंखाला कोणी हात लावला नाही, एक पीस कापलं गेलं नाही. मी मनाशी म्हणत होते, बघा, चोर गेला आणि चोरी थांबली. दर नव्या पिसाबरोबर माझी खात्री वाढत होती, आणि रात्री उशी ओली व्हायची ती वेगळीच.

या महिन्यात आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला. रत्नप्रभेला सोडायचं तर ती पूर्वी पंख कसे मारायची ते एकदा बघावं, म्हणून मी रीळ गिरगावात धुवायला दिलं. काल शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भाऊंना खुर्ची दिली आणि भिंतीवर फिल्म लावली. आधी खाडी, बगळे, भरतीचं पाणी. मग बांधावरच्या खुंटावर रत्नप्रभा. मग कडेने एक पांढरी टोपी आली. भाऊ खाली बसले, तिला मांडीवर घेतलं, रोज मलमपट्टीला घ्यायचे तसंच, आणि खिशातून पट्टी कापायची कात्री काढली. एक पीस, दुसरं, तिसरं. प्रत्येक पिसानंतर ते तिच्या डोक्यावरून बोट फिरवत होते. चौथ्याला चित्र हललं, खाली गेलं आणि चिखलावर थांबलं. उरलेला सगळा वेळ भिंतीवर एक खेकडा चालत होता.

तू कॅमेरा खाली केला होतास.

मी दिवा लावला नाही. काळोखातच भाऊ म्हणाले, “कात्री माझीच.” मग म्हणाले, “ती उडाली की पुढची पाळी तुझी होती गं. मी म्हटलं, अजून थोडे दिवस.” मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. मी अंधारात रीळ गुंडाळत राहिले. माझा म्हातारा बाप आठ महिने माझ्यासमोर बसून जेवत होता, आणि मी ज्याला चोर म्हणत होते त्याचं नाव निघालं की ताटावरून उठत होता. पोस्टमनची पिशवी पालथी करणाऱ्या मला तेवढं दिसलं नाही. घरी येऊन मी खूप रडले. नंतर आम्ही दोघांनी पिठलंभात खाल्ला.

आता हे पत्र का, ते सांगते. क्षमा मागायची आहे, पण ती कागदावर मागून भागणार नाही. कालपासून मी एकच गोष्ट घोळवते आहे: तू तेव्हाच, सगळ्यांसमोर, का बोलला नाहीस? बोलला असतास तर मी तुझी राहिले असते, पण त्या दिवशीच्या माझ्या रागात भाऊंना कायमची मुकले असते. पिशवीतला तो तुकडा तू चिखलातून उचलून लपवला असणार, आणि ‘आज नको’ म्हणत होतास तेही त्यांनाच वाचवायला. तू ते रीळ माझ्या एकटीच्या हातात दिलंस. कधी बघायचं ते माझ्यावर सोडलंस, आणि मी तुला आठ महिने ताटकळत ठेवलं. आज सकाळी भाऊंनी ती कात्री माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “नंदूला लिही. तो कॅमेरा घेऊन आला की जाळी मी उघडीन.” पंधरा डिसेंबरला रविवार आहे, सकाळी भरती आहे. तू आला नाहीस तरी तिला सोडणारच, आता तिला आणखी अडवणं पाप होईल. पण तिवरांच्या झाडीकडे बघायचं धैर्य मला होणार नाही. तिथे तू असलास, तर कॅमेरा वरच धर.

अजून तसं म्हणू देत असशील तर,
तुझीच
उत्तरा