तिसरी टकटक

४ मार्च
आज दवाखान्यात रुजू झाले. खोल्या दोनच. बाहेर सिस्टर बसतात, आत मी, मध्ये लाकडी दार. जुने डॉक्टर गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून ही खुर्ची रिकामी होती. सिस्टर साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या, पण चहा फक्कड करतात. आल्या आल्या त्यांनी मला इथली पद्धत समजावली. वजन, बीपी, ताप त्या बाहेरच बघतात आणि पेशंटला आत सोडताना दारावर टकटक करतात. एकदा म्हणजे साधं दुखणं. दोनदा म्हणजे माणूस सांगेल त्यापेक्षा जास्त काहीतरी आहे, नीट बसवून विचारा. पेशंटला पत्ताही लागत नाही. मला हे फारच आवडलं.

बाबा माझ्याबरोबर राहायला आलेत. आई गेल्यापासून माझ्या मागे लागणं हाच त्यांचा उद्योग. दुपारी डबा घेऊन हजर झाले आणि मी लहानपणी बाहुलीला कशी इंजेक्शनं द्यायचे ते बाकावरच्या सगळ्यांना सांगून टाकलं. मान खाली घालून जेवले.

१३ मार्च
खोकल्याचं औषध मागायला एक ड्रायव्हर आला. टकटक दोनदा. बसवून विचारलं तर गडी ढसाढसा रडला. बायको सोडून गेली, कित्येक रात्री झोप नाही. सिस्टरना कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, बीपीचा पट्टा काढल्यावरही त्याने हात सोडवून घेतला नाही, धरूनच बसला.

माझं डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर बदलला असणार. सिस्टर न मागता खणातली गोळी काढून देतात. बाबांना मी बोलले नाही, नाहीतर घर डोक्यावर घेतील.

२१ मार्च
शिंपी गुडघा दाखवायला आला तेव्हा टकटक तीनदा झाली. तो गेल्यावर मी विचारलं. सिस्टरनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, एक आणि दोन माझ्या, तिसरी माझी नाही. जुन्या डॉक्टरांच्या शेवटच्या दिवसांत ती सुरू झाली. दाराशी कुणी नसतं आणि ऐकू मात्र दोन्हीकडे येते. ती आली की पेशंटला काही सांगायचं नाही, घरच्या माणसाला बाजूला घेऊन दिवस थोडे उरलेत म्हणून सांगायचं, हा डॉक्टरांचा नियम.

मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी सिस्टरनी शिंप्याच्या बायकोला बोलावून घेतलेलं पाहिलं आणि मी चिडले. उगाच कुणाला असं घाबरवायचं?

२८ मार्च
शिंपी गेला. झोपेतच. त्याची बायको आली होती. मला वाटलं भांडेल, पण ती सिस्टरच्या गळ्यात पडली. दुकान बंद ठेवून सगळे दिवस त्याच्याजवळ बसले म्हणाली. नाहीतर शिवत बसले असते.

६ एप्रिल
गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाई आल्या. तीनदा. या वेळी मी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, सगळ्या तपासण्या करायला लावल्या. सगळं नॉर्मल. घरी परतल्या आणि आज—

उपयोग नाही. काहीही करून उपयोग नाही.

९ एप्रिल
बाबा डबा घेऊन आत आले आणि टकटक झाली.

तीनदा.

ते डबा उघडत होते. त्यांना ऐकूही आलं नाही.

१० एप्रिल
बाबांचं रक्त, ईसीजी, सगळं केलं. रिपोर्ट उत्तम. बाईंचेही उत्तमच होते. सिस्टरना म्हटलं, त्यांच्या घरचं माणूस मीच, मला कळलंय, आता कुणाला सांगायला जाऊ नका. त्यांनी वर बघितलं नाही.

बाबा, मला सोडून जाऊ नका. हे तुमच्यासमोर म्हणता येत नाही म्हणून इथे लिहिते.

१४ एप्रिल
बाबा हल्ली माझी चेष्टा करत नाहीत. सकाळी डोळे उघडले तर उशाशी बसलेले. काय बघताय विचारलं तर म्हणे, काही नाही गं, झोप. त्यांना मनातून कळलंय का? मी हसते. तेही हसतात. इतकं हसणं या घरात कधी नव्हतं.

डोकं फार—

१६ एप्रिल
सकाळी ओकारी. शर्टाची बटणं लावता येईनात. बाबांनी लावली. बालवाडीतल्या पोरीची लावावीत तशी.

आणि विचारलं, डोकं आजही दुखतंय का.

मी त्यांना डोक्याचं कधीच बोलले नव्हते. फक्त सिस्टरना माहीत—

त्याच दुपारी
आत येईल तो पेशंट, असंच धरून चालतो आम्ही. त्या दिवशी खोलीत दोघं होतो.

पेशंटला सांगायचं नाही. घरच्या माणसाला सांगायचं.

डोकेदुखी, सकाळची ओकारी, हात ऐकत नाही — हे कुणी समोर बसून सांगितलं असतं तर डोक्यातली गाठ एका मिनिटात ओळखली असती—

दाराच्या फटीतून बाबा दिसतायत. बाकावर, मांडीवर डबा. सिस्टरनी हात धरलाय त्यांचा. त्यांनी सोडवून घेतलेला नाही.

त्यांना वाटतंय मला माहीत नाही. तसंच वाटू दे. हसत जेवायचं आज. सगळा डबा संपवाय—

अक्षर नीट येत ना—

डबा कुणाला करून घालणार ते, कुणाच्या मागे लाग—

टकटक. एकदाच. बाबाच असणार. एक म्हणजे साधं, काही नाही झालेलं—

या म्हणतेय बाबा, या, आवाज फु