लाकडाला पाणी लावायचं नाही

माय, तू पाहिली नाहीस ती तुझी नात आता तिसरीत आहे आणि तिला गहू चालत नाही. सिलिॲक म्हणतात त्याला. गव्हाचा कणही तिच्या आतड्याला सोसत नाही. तू असतीस तर हसली असतीस, अन्नाचं कधी कुणाला वावडं असतं का म्हणून. घरातून पोळी, बिस्किटं, शेवया सगळं गेलं. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळतात म्हणून घरघंटी आणली. तरी वर्ष उलटलं, पोरीचं पोट दुखायचं थांबेना, अंग धरेना.

बोलायला लोक तयारच होते. इथे डोकमर्डीत शेजारची गुजराती बेन म्हणते, "थोडुं खावा दो ने, कंई नहीं थाय." सासूबाई फोनवर म्हणतात, "तूच लाडमा कायतरी देत व्हशी." डॉक्टरांनी तर पोरीलाच विचारलं, चोरून खातेस का. येताना रिक्षात पोर म्हणाली, "मम्मी, मी नाही खाल्लं. तू तरी मान ना." ह्यांची सायली गावातल्या कंपनीत बारा तासांची पाळी, आले की जेवतात आणि झोपतात. मी कुणाशी बोलायचं?

मग दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक नव्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, पीठ कशात मळता? म्हटलं, माझ्या आईची काठवट आहे, लाकडाची. "धुता कशाने?" मी ऐटीत सांगितलं, "धूत नाही." तुझंच शिकवणं ना ते. मी लहान आहे, तुझ्यासमोर बसलेय, आणि तू म्हणतेस, "लाकूडले पानी लावानं नही बेटा, पीठघाई पुसानं." कोरड्या पिठानेच पुसायची. जन्मभर तू त्यात गव्हाची कणिक मळलीस, पुढे मीही मळली. ते सगळं पीठ काठवटीच्या मधल्या चिरेत बसलेलं, आणि त्यावरच मी रोज लेकीची भाकरी थापत होते. बाई रागावल्या नाहीत. मला मात्र तुझा राग आला, तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता स्टीलची परात आहे. काठवट जाळवेना, म्हणून बेनला दिली. तिने माती भरून त्यात कोथिंबीर लावलीय. पोरीचं दुखणं पुष्कळ कमी झालंय. परवा तिने आपणहून दुसरी भाकरी मागितली. मला फार आनंद झाला, पण थापताना तो तुला सांगता येईना. काठवटीत थापताना मी तुझ्याशी बोलायचे ना, चांगलं मोठ्याने. पोर विचारायची तेव्हा सांगायचे, पिठाशी बोलतेय. परवाही तिने विचारलं, "आज पिठाशी नाही बोलत?" परातीशी बोलायला जमत नाही, माय. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं तर कुठेच नाही.

पोरीला सांगितलं नाही, तुला सांगते. काल दुपारी बेन झोपली होती, तेव्हा सामाईक गॅलरीत त्या कोथिंबिरीपाशी बसून मी तुला सगळं सांगून आले. मग साबणाने हात धुतले आणि भाकरीला बसले.