काळ्या काचेवरचा पांढरा ठिपका

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा इमारतींचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहती खोली आणि तिच्यातलं सगळं सामान पत्नीचं. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. मोठा कॅमेरा आणि तिपाई भाचीला. धाकट्या मेहुण्याने हातसुद्धा लावायचा नाही. माझ्या लग्नाचे फोटो त्याने काढले, त्यात निम्म्या पाहुण्यांची मुंडकी उडाली.

३. भिंतीवरचे टॉवरचे फोटो हवे त्याने न्यावेत. इमारत केवढी ते कळावं म्हणून पायथ्याशी एखादा माणूस येईपर्यंत मी तासन्‌तास थांबायचो. तो कोण, कुठला, कधी विचारलं नाही. माझ्या लेखी ती फूटपट्टी होती.

४. लोखंडी कपाटात वरच्या खणात खाकी पाकीट आहे. त्यातली निगेटिव्ह काचा पुसणाऱ्याच्या मुलीला द्यावी. का, तेही लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी समोरच्या गच्चीवरून एका चाळीस मजली इमारतीचा फोटो काढला. प्रिंटवर एकतिसाव्या मजल्याच्या काळ्या काचेवर पांढरा ठिपका आला. निगेटिव्हवर धूळ बसली की असा येतोच. सवयीप्रमाणे बारीक ब्रशने शाई लावून मिटवला. नंतर कळलं, त्याच सकाळी तिथला काचा पुसणारा पडून मेला होता. कंपनी म्हणाली, आमच्या भिंतीवर कोणी नव्हतंच, तो दारू पिऊन शेजारच्या गच्चीवरून पडला. पुरावा माझा फोटो: त्यात इमारतीवरच्या घड्याळात तीच वेळ आणि भिंत रिकामी. मीही शपथेवर तसंच सांगितलं. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

घरी येऊन निगेटिव्ह भिंगाखाली धरली. धूळ कसली, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस होता. दोर एका बाजूने सुटलेला.

पत्नी म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन सांगून टाका." गेलो नाही. हातातली सगळी कामं त्याच कंपनीची होती, भ्यालो. त्याची मुलगी तीनदा घरी आली. "काका, नीट बघा ना, माझे बाबा कुठे दिसतात का?" तीनदा नाही म्हणालो. लोक तिच्या बापाला दारुडा म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो. मला स्वतःची शिसारी येते.

५. (नंतर जोडलेले.) साक्षीला आलेल्या शेजारच्या शिंप्याने वरचं वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तुम्ही गेल्यावर कशाला? तिला आत्ता बोलावतो. सही मग."

ती आली. मी सगळं सांगितलं. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली, रडली नाही. शेवटी म्हणाली, "काका, बाबांचा एक हात वर आहे. कोणाला बोलवत होते?"

मी खरं ते सांगितलं. समोरच्या गच्चीवर मी एकटाच होतो.

स्थळ: राहती खोली
दिनांक: ९ मार्च
मृत्युपत्र करणारा: (सही)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी (सही)
२. खालच्या मजल्यावरची नर्स (सही)
निगेटिव्ह आजच मिळाली: मुलगी (सही)