लग्नाचा बर्फ

बाबा, काल तुमच्या पणतीने मला स्टेजवर बसवलं. खुर्चीला गादी होती, समोर टेबलावर पाण्याची बाटली होती, आणि धाकट्यांना सांभाळायला चौथीतून शाळा सोडलेली तुमची लेक माईकमध्ये बोलली. मला तर इतका आनंद झाला की घरी येऊन जेवणच गेलं नाही. पोरगी ज्या संस्थेत काम करते ती बर्फाच्या मुलखातल्या पांढऱ्या अस्वलांसाठी झटते. जगाचं ऊन वाढून राहिलं, तिकडचा समुद्र पहिल्यासारखा गोठत नाही, अस्वलाला उभं राहायला बर्फ उरत नाही म्हणे. एकट्यादुकट्याचं ते काम नाही, म्हणून परदेशातल्या दोन-चार संस्था आणि इथली शाळाशाळांत झाडं लावणारी एक, अशा मिळून करतात. पोरगी म्हणाली, "आजी, तू फक्त तुझ्या लग्नाचं सांग." मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण सगळं काही सांगितलं नाही, म्हणून आज चष्मा लावून हे लिहायला बसले. अक्षर माझं तेव्हाही वाकडंच होतं.

माणूस चंद्रावर जाऊन आला असं रेडिओवर सांगायचे, पण आपल्या मोहल्ल्यात फ्रीज एकाकडेही नव्हता. नागपूरचा मे महिना, लग्नाची तिथ दाट, आणि शहरातली बर्फाची प्रत्येक लादी कोणाच्या ना कोणाच्या मांडवासाठी आधीच सांगून ठेवलेली. तुम्ही बर्फाच्या कारखान्यात कामाला, म्हणून आपल्याला त्याची काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. माझं एक जुळलेलं आधी मोडलं होतं, आणि दुसऱ्यांदा मोडलं तर मला कोण विचारणार, हे आई पोळ्या लाटता लाटता रोज म्हणायची. मग कुहीकडचं स्थळ आलं, ती माणसं चांगली निघाली. शेतीवाली, साधी. हुंडा नको म्हणाले, भांडी नको म्हणाले. फक्त मुलाचा मामा सुपारी फुटल्यावर बोलला होता, "बर्फवाल्याच्या घरी येऊन राहिलो जी, वऱ्हाडाचा घसा तेवढा गार झाला पायजे." सगळे हसले. तुम्हीही हसला होता, तुमचं ते दात न दाखवता हसणं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्ही हातगाडी घेऊन बर्फ आणायला गेला. मी हळद लावून आतल्या खोलीत बसलेली, दाराच्या फटीतून मांडव दिसतो. हातगाडी परत येते ती रिकामी. वर नुसता ओला भुसा. मागून सायकल रिक्षातून एक चष्मेवाली बाई उतरते.

आई म्हणाली, "बर्फ कुठी हाये?"

तुम्ही म्हणाला, "मालधक्क्यावर एक अस्वल हाये. पांढरं."

"ऊन लागलं का जी तुमाले?"

मग त्या बाईने सांगितलं. ती मुक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेची होती. अस्वल बंदरावरून वर उत्तरेकडच्या प्राणिसंग्रहालयात चाललं होतं. डब्याचं चाक तापलं म्हणून रेल्वेने तो डबा गाडीपासून तोडून बाजूच्या रुळावर उभा केला. सोबतचा बर्फ वितळून गेला. बाई कारखान्यात धावत गेली, तर मालक म्हणाला की सगळा माल लग्नांचा आहे, ज्यांचा आहे ते सोडत असतील तर न्या. ती दोन लग्नघरी जाऊन आली होती, दोन्हीकडे तिला दारातूनच वाटेला लावलं. मग तुम्ही तिच्यासोबत डब्यापर्यंत गेला आणि आपला बर्फ तिथेच उतरवून आला.

"अन् वऱ्हाडाले काय पाजसान?"

"माठातलं पानी."

"लेकीचं लगन हाये जी तुमच्या. अस्वलाचं नाही."

तुम्ही हातगाडीवरचा ओला भुसा झटकला. मग म्हणाला, "फळीले तोंड लावून पडलं हाये वं ते. माशी बसली तरी हलत नाही." एवढंच. आणि मांडवात अंथरायला आणलेले गोणपाट गोळा करू लागला. शेजारच्या भजनी मंडळातल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या, मग त्यांच्यातलीच एक उठली आणि घरची बादली घेऊन आली. तिच्या मागे बाकीच्या. मालधक्क्यावरचे हमाल पाणी ओततात, भजनवाल्या बाया गोणपाट भिजवतात, ती चष्मेवाली बाई रेल्वेच्या साहेबाशी भांडते, असं सगळं तिकडे चाललं होतं. आई मात्र तिकडे गेली नाही. माठांना ओली फडकी गुंडाळत राहिली.

दुपारी ट्रक आला. चाळीसेक माणसं उन्हातून भाजून आलेली. तुम्ही पुढे होऊन वाळा टाकलेलं माठातलं पाणी दिलं. मामाने ट्रकच्या फाळक्यावर बसूनच एक घोट घेतला आणि गिलास परत केला.

"बर्फ नाही?"

"होता. देऊन टाकला."

"कोनाले?"

"येका जनावराले. मरून राहिलं होतं."

"म्हंजे आमच्याहून जनावर मोठं झालं का? बर्फवाल्याच्या घरी बर्फ नाही, मंग काय पाहून उतराचं खाली?"

तुम्ही हात जोडले नाहीत. बाबा, ते मला आजही दिसतं. मुलीचा बाप, भर मांडवात, आणि हात सरळ खाली. तुम्ही म्हणाला, "पाह्याचं असन त पाहून या. इथून जवळच हाये." त्यानंतर ट्रकमध्ये बायामाणसांचा गलका झाला, कोण काय बोललं ते काही कळलं नाही, आणि मामाचा आवाज आला, "फिरव गाडी." इंजिन सुरू झालं. ट्रक वळला आणि गेला. बँडवाले वाजवायचं थांबले. आई माझ्याजवळ येऊन खाली बसली, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. हळद सुकून कातडी ओढत होती. बाहेर कोणीतरी विचारलं, "स्वयंपाक चढवायचा की नाही?" तुम्ही म्हणाला, "चढवा. येतीन ते." तुमच्या आवाजात मला काही भरवसा वाटला नाही.

ट्रक परत आला तेव्हा मला आधी खरं वाटलं नाही. माझी सासू तडक आतल्या खोलीत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कपाळावरचं कुंकू पसरलेलं. खाली टेकली आणि म्हणाली, "पानी दे वं पोरी. माठातलंच दे." दोन गिलास प्याली. मालधक्क्यावर ट्रक न्यायला तिनेच लावला होता. "खाटेएवढं हाये," मला सांगू लागली. "लादी सरकवली त पंजा ठेवला तिच्यावर, अन् डोळे मिटले. तुह्या बापानं निरोप त धाडाचा. घरूनच गोणपाट आनले असते आम्ही." मामा तेवढा बाहेर म्हणतच होता की पंगतीत बर्फ पाहिजे होता. पुढे मरेपर्यंत तो तेच म्हणत राहिला, दर लग्नात. दुसऱ्या दिवशी डबा पुढच्या गाडीला जोडला. अस्वल तिकडे जगलं की नाही, आपल्याला कोणी कळवलं नाही, तुम्ही कधी विचारलंही नाही.

काल स्टेजवर एका मुलाने विचारलं, "आजी, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मी म्हटलं, वडिलांचा अभिमान वाटला. टाळ्या पडल्या त्या त्यालाच. खरं असं आहे बाबा, की ट्रक वळला तेव्हा मी देव्हाऱ्याकडे पाहून म्हटलं, मरू दे ते अस्वल. आणि तुमच्याविषयी जे म्हटलं ते लिहवत नाही. पाठवणीला मी आईच्या गळ्यात पडून रडले आणि तुमच्या नुसती पाया पडले, ते लाजेने नव्हतं.

हा कागद टाकायचा तर कोणत्या पेटीत. पोरीच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवते. तिने पुढच्या कार्यक्रमालाही बोलावलं आहे. मी जाणार, छान लुगडं नेसून जाणार, आणि कोणी विचारलं तर अभिमानच वाटला म्हणून सांगणार.