शेवटची धूर-तपासणी जेटीवर व्हावी म्हणून

दिनांक : ११ डिसेंबर २००३

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक,
रत्नागिरी.

विषय : डिझेल जीपचे इंजिन भंगारात देण्यापूर्वी शेवटची धूर-तपासणी राजिवडा जेटीवर करण्याबाबत.
संदर्भ : धूर मर्यादेबाहेर असल्याने इंजिन बदलण्याची आपली लेखी सूचना.

महोदय,

१. माझा मुलगा मुझम्मिल सदर जीप मालगुंडच्या रस्त्यावर प्रवाशांसाठी चालवतो. इंजिन मूळचे जीपचेच. माझे पती हारुन यांनी ते मासेमारीच्या होडीत बसवले होते. गेल्या वर्षी वादळात होडी गेली. पुढे ती खडकात अडकलेली मिळाली, इंजिनही मिळाले. पती मिळाले नाहीत. मुलाने इंजिन धुऊनपुसून पुन्हा जीपला बसवले.

२. धूर काळाकुट्ट आहे हे मान्य. दोरीवरच्या माझ्या कपड्यांना विचारावे. काशीराम मिस्त्रींनी हात टेकले. ते सांगतात, डिझेल नीट जळले नाही की काजळी होते. ती जाळायला आग तापवावी तर दुसरा विषारी वायू वाढतो, जो डोळ्यांना दिसत नाही. तो आवरायला आग थंड करावी तर पुन्हा काजळी. दोन्ही आवरणारी यंत्रे नव्या गाड्यांनाही परवडत नाहीत म्हणे, मग या म्हाताऱ्याला कोण लावणार? आपला नियम योग्यच आहे. इंजिन बदलायला मुलगा तयार आहे. ते ठेवा म्हटले तर माझे घरात कोणी ऐकत नाही.

३. मागच्या तपासणीला मी हजर होते. धूर मोजण्यासाठी आपल्या माणसाने ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा तळापर्यंत दाबला. पती खाडीत शिरताना अशीच रेस देत, मी टोपली घेऊन जेटीवर यावे म्हणून. महोदय, मी तिथून उठले ती थेट जेटीवर गेले. मुलगी अमरीन शोधत आली तेव्हा मी पाण्याकडे बघून भांडत होते, एवढा उशीर का केला म्हणून.

४. तेव्हापासून गाडी चालू झाली की मला भीती वाटते. बंद असली की जास्त वाटते.

५. सबब विनंती की, शेवटची तपासणी भरतीच्या वेळी जेटीवर व्हावी. ॲक्सिलरेटर आपण दाबावा. मुलगा अर्ध्यातच पाय काढून घेतो. इतकी वर्षे पतींनी असे बोलावले आणि मी गेले. एकदा मला त्यांना बोलवायचे आहे. शेरा नापासचा द्यावा, हरकत नाही. फक्त रेस दिल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. त्यांना लांबून यायचे आहे.

आपली नम्र,
मैमुना हारुन होडेकर
राजिवडा, रत्नागिरी
(अर्ज लिहून देणार : मुलगी अमरीन)

सोबत : आपल्या सूचनेची प्रत, जीपच्या कागदांच्या प्रती.