भाषा उत्तम चालली आहे

१४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. खंड पडू द्यायचा नाही.
संकल्प एकच: डिसेंबरपर्यंत इथली भाषा आत्मसात करणे. तोंडी परीक्षा नोव्हेंबरअखेरीस आहे. नापास झालं तर पुढच्या सेमिस्टरला नाव लागत नाही, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी काळजी वाटली नसावी.
रूममेटने कॉलेजचा भाषेचा क्लास लावलाय. आपल्याकडचाच आहे. दात घासतानाही हातात पुस्तक, म्हणून मी त्याला पंडित म्हणतो. मीही एकदा क्लासला जाऊन आलो. 'माझं पेन लाल आहे, तुझं पेन निळं आहे.' इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन मिळवलेल्या माणसाने हे म्हणत बसायचं? भाषा माणसांत मिसळून येते. क्लास बंद.

१८ सप्टेंबर
खंड पडला. सर्दी.

२३ सप्टेंबर
माणसांत मिसळायची सोय झाली. एका केअर होममध्ये पार्टटाइम काम लागलं. म्हाताऱ्या माणसांचे पलंग आवरायचे, जेवणाचे ट्रे द्यायचे, व्हीलचेअर हॉलमध्ये न्यायच्या. घरी फोनवर 'मेडिकल लाइन' एवढंच सांगितलं. आई म्हणाली, रक्तबिक्त बघू नकोस रे, तुला घेरी येते. फोनवर मागून बाबा कोणाला तरी सांगत होते की आमचा मुलगा आता हॉस्पिटलही बघतो.

३० सप्टेंबर
इथले म्हातारे बोलत नाहीत. बोललेच तर टीव्हीशी. फक्त कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतले आजोबा बोलतात, आणि बोलतात म्हणजे धबधबा. पूर्वी सुतारकाम करायचे. पंजे अजून फावड्याएवढे. मी चादर बदलेपर्यंत त्यांचं चालूच होतं. मी मान डोलावत होतो, मधूनमधून 'हो हो' म्हणत होतो. फार खूश झाले. गुरू मिळाला.
बाहेर आल्यावर सिस्टरने गाठलं. ती इंग्लिश बोलते. म्हणाली, आजोबांना मेंदूचा झटका येऊन गेलाय, तेव्हापासून त्यांचे शब्द उलटसुलट होतात. मनात एक असतं, तोंडातून भलतंच येतं. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. चेहरा बघ, हात बघ, आणि काही वेगळं दिसलं तर लगेच मला सांग, सगळ्या मजल्याला मी एकटी आहे.
बिचारी. आजोबा तिच्याशी इतकं बोलत नाहीत, ते तिला लागलेलं दिसतं.

७ ऑक्टोबर
प्रगती जोरात. आजोबा बोटाने वस्तू दाखवतात, शब्द सांगतात, मी पाठ करतो. खिडकीसाठी सांगितलेला शब्द डिक्शनरीत 'चमचा' निघाला. उशीचा 'मंगळवार'. डिक्शनरीवाले लोक पुस्तकी असतात. बोलीभाषेचा गंध नसतो.

१३ ऑक्टोबर
मी खोलीत शिरलो की आजोबा एक ठरावीक वाक्य म्हणतात. नमस्कारासारखं काहीतरी. आज गाइड सरांच्या केबिनमध्ये शिरताना तेच म्हणून टाकलं. सर जरा थबकले. मग स्वतः उठले आणि दार लावून आले. इतका मोकळेपणा. पंडितशी ते दार उघडं ठेवून बोलतात.
प्रोजेक्टवर मात्र नाराज आहेत.

१४ ऑक्टोबर
पंडित म्हणतो, त्या वाक्याचा अर्थच 'दार लाव' असा आहे. आजोबांना वारा लागत असणार. हा किस्सा त्याने सगळ्या क्लासला सांगितला. जळतो.

२ नोव्हेंबर, रविवार
आजोबांची मुलगी रविवारी येते. माझ्या आईच्या वयाची. तिच्याशी बोलताना आजोबा चिडतात. ती 'काय, परत सांगा' करत राहते, ते पलंगावर हात आपटतात, तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आज मी मध्ये पडलो. मान डोलावली, हो हो म्हणालो. आजोबा एकदम शांत. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये तिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, तुम्ही आलात की त्यांना बरं वाटतं.
तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इथे आल्यापासून माझा हात कोणी धरला नव्हता. विमानतळावर आईने धरला होता तेवढाच.
दुभाषा म्हणून करिअर? विचार करणे.

१२ नोव्हेंबर
आज आजोबा ट्रे बाजूला सारून पोटावर हात फिरवत एकच शब्द परत परत म्हणत होते. डिक्शनरीत अर्थ: बाग. म्हणजे पोट अगदी गार्डन गार्डन. जेवण मात्र तसंच होतं. आधी काहीतरी खाल्लं असावं. किचनमध्ये जाऊन आचाऱ्याला सांगितलं, आजोबा खूश आहेत. तोही खूश.
आता मी माणसं जोडतोय.

१८ नोव्हेंबर
अजून 'बाग'च. आज माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. माया. घाम आला होता त्यांना. हीटर वाढवून ठेवतात हे लोक.
कॉरिडॉरमधून पळता पळता सिस्टरने विचारलं, टोकाच्या खोलीत सगळं ठीक? मी अंगठा दाखवला.

२५ नोव्हेंबर
परीक्षा झाली. झकास.
परीक्षक बाईंनी स्वयंपाकघराचं एक चित्र पुढे ठेवलं आणि वर्णन करायला सांगितलं. मी सुटलोच. आजोबांसारखा धबधबा. थोड्या वेळाने बाईंनी पेन खाली ठेवलं, मला पाणी दिलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं की डोकं दुखतंय का. मग हसून दाखवायला सांगितलं. मग दोन्ही हात वर करायला सांगितले. बॉडी लँग्वेजचेही मार्क असावेत. मी हसलोही आणि हातही वर केले. त्यांनी दुसऱ्या परीक्षकांना बोलावून आणलं. त्यांच्यासमोर परत हसलो.
इतका वेळ त्यांनी कोणालाच दिला नाही.

२८ नोव्हेंबर
नापास.
पंडित म्हणाला, बाईंना वाटलं तुला तिथल्या तिथे झटका आलाय. ॲम्ब्युलन्स बोलावणार होत्या. आज तो हसला नाही. खिचडी टाकली होती, त्यातली अर्धी मला वाढली.
शेऱ्यात 'उच्चार चांगले' असं लिहिलंय. ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही.

३० नोव्हेंबर
दुपारभर डिक्शनरी घेऊन बसलो. चमचा म्हणजे चमचाच. मंगळवार म्हणजे मंगळवार.
'बाग'चा विचार आज करायचा नाही. डोकं जड आहे. कामावर सर्दी कळवली.

१ डिसेंबर
सर्दी.

२ डिसेंबर
सर्दी. सिस्टरला फोन करावा असं सकाळी वाटलं. पण ती कामात असते. उद्या जाऊन समक्षच सांगू.

३ डिसेंबर
उद्या नक्की.

४ डिसेंबर
गेलो. टोकाच्या खोलीत पलंगावर नुसती गादी होती. खिडकी उघडी. सिस्टर म्हणाली, परवा एकदम पडले, हॉस्पिटलमध्ये नेलं, त्याच दिवशी गेले. आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दुखत असणार. मग तिने विचारलं, तुझ्याशीच सगळ्यात जास्त बोलायचे ना ते, तुला काही दाखवलं होतं का? पोटबिट?
मी म्हणालो, नाही. नेहमीसारखंच होतं.
ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, माझं लक्ष पाहिजे होतं. अशा वेळी गप्प राहणं बरं असतं.
एक तर मी डॉक्टर नाही. दुसरं म्हणजे भाषा माझी नाही. तिसरं, हीटर खरोखरच जास्त असतो.

७ डिसेंबर, रविवार
मुलगी खोली रिकामी करायला आली. मला बोलावून बसवलं. म्हणाली, शेवटच्या दिवसांत माझे बाबा कशाबद्दल बोलत होते? तूच एक त्यांना समजून घ्यायचास.
काहीतरी सांगणं भाग होतं. मी तिच्या भाषेत तो शब्द सांगितला. बाग.
तिने हातातला खोका खाली ठेवला. मग म्हणाली, आमच्या जुन्या घरामागे बाग होती. बाबांनी तिथे मला लाकडी झोपाळा करून दिला होता. म्हणजे ते तिथेच होते, शांत होते. हो ना?
मी मान डोलावली. हो हो म्हणालो.

१५ डिसेंबर
पुढच्या सेमिस्टरला नाव लागलं नाही. घरी सांगितलेलं नाही. बाबांची तब्येत, आईचा स्वभाव, सगळं बघावं लागतं. जानेवारीपासून क्लास लावणार. रोज. पंडितने स्वतःचं पुस्तक देऊ केलंय. तो आता पुढच्या पुस्तकावर आहे.
केअर होमचं काम चालू आहे. टोकाच्या खोलीत आज एक बाई आल्या. एकेकाळी रेडिओवर बातम्या द्यायच्या म्हणे. प्रत्येक शब्द सुटा, सावकाश, स्वच्छ. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी मान डोलावली, हो हो म्हणालो. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच. मग त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं, आणि घंटी वाजवून सिस्टरला बोलावलं.
सिस्टरला त्या जे म्हणाल्या ते मला पूर्ण समजलं. पहिलंच अख्खं वाक्य. एकही शब्द अडला नाही.
हा मुलगा नको, दुसरं कोणीतरी पाठवा.