नव्या दिव्यांचं कुंकू

कौसल्या,

मी उसाला पाणी द्यायला गेलोय, भाकरी बरोबर घेतली आहे. मोटारगाडीला काल महमूदभाईंनी नवे दिवे बसवले. आता बिनकंदिलाची बैलगाडीसुद्धा लांबून दिसते.

खरं तर जुने दिवेही चालले असते. दर दसऱ्याला आई त्यांच्या काचांवर हळदकुंकू लावायची आणि आबा ते कुणाला पुसू द्यायचे नाहीत, म्हणून उजेड पडत नव्हता. महमूदभाई फडकं ओलं करून बसले होते, पण मीच नको म्हणालो. ते दिवे धडप्यात बांधून फडताळात ठेवलेत. धुऊ नको.

आबा गेल्यापासून आईनं कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नाही. आज नव्या दिव्यांची पूजा तिच्याच हातून करून घे. ती तुलाच पुढं करील, ऐकू नको. तिनं कुंकू लावल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही, असं सांग. संध्याकाळी तिलाच श्रीगोंद्याला मावशीकडं जायचंय.

कडेला एक ठिपका लावून ती उठायला बघेल. तसं करू देऊ नको. पहिल्यासारखं काचभर लावू दे. रस्ता मी बघून घेईन.

गोरक्ष